बॅग तुडीलला, डॉक्टर डोंगरावर

हे मला आत्ताच्या आत्ता सांगायलाच पाहिजे! नंतर सांगायला गेले तर घरचे आधी सांगून मोकळे होतील, आणि घरच्यांच्या गोष्टीत शेवटी नेहमी माझीच अक्कल निघते. तर सुरुवातीलाच एक गोष्ट अगदी शांतपणे नोंदवते. आमच्या घरात माझ्यापेक्षा एका बॅगेवर जास्त विश्वास आहे.

हो, बॅगेवर! तपकिरी चामड्याची, पितळी खटक्याची, उघडली की सावित्री नदीतल्या मगरीसारखा आ करणारी, डॉक्टर लोक पूर्वी घरोघरी घेऊन फिरायचे ना, तसली बॅग. वय माझ्या दुप्पट. या क्षणी ती माझ्या मांडीवर आहे, तिचा पट्टा माझ्या मनगटाला दोनदा गुंडाळलाय आणि मी पोलादपूरच्या स्टँडवर बसून एका हाताने हे टाईप करतेय. मी इथे का बसलेय ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तुम्ही लगेच आईच्या बाजूला जाल. (सगळे जातात. शेजारच्यांचं मांजरसुद्धा गेलंय.)

तर ऐका. बॅग मूळची नाना डॉक्टरांची. आमच्या महाडमधले शेजारी. आईचं माहेर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरात एक वाडी आहे तिथलं. नाना दर सोमवारी त्या वाडीत जायचे. कित्येक वर्षं. आधी पायी, मग सायकल, मग स्कूटर, मग मामाच्या जीपमधून. वाडीतल्या लोकांनी नानांचे केस पांढरे होताना पाहिले, दात जाताना पाहिले, पण बॅग तीच. त्यामुळे वाडीत हिशोब साधा होता : बॅग आली म्हणजे डॉक्टर आला. मग नानांच्या गुडघ्यांनी संप केला आणि सोमवार बंद पडला. साधं बीपी बघायचं तरी म्हाताऱ्या माणसांना डोंगर उतरून खाली यावं लागायला लागलं.

इथे माझी ताई येते. स्नेहल ताई. डॉक्टर झाली, इंटर्नशिप संपली, आणि हातात पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलचं नोकरीचं पत्र. पप्पांनी पेढे आणले. आई मात्र गप्प. मी पण गप्प. (आम्ही दोघी एकाच वेळी गप्प बसण्याची ती आमच्या घरातली पहिली आणि शेवटची वेळ.) ताईनेच तोडगा काढला. म्हणाली, "नानांचा सोमवार मी चालवून बघते. पहिल्या सोमवारी लोक आले तर इथेच राहते, महाडला दवाखाना टाकते. नाही आले तर पुणे."

म्हणजे बघा, एका सोमवारवर माझी बहीण घरी राहणार की जाणार ते ठरणार होतं! मला ती राहायला हवी होती. का म्हणून काय विचारता? ती गेली असती तर आईचं सगळं लक्ष माझ्यावर आलं असतं!

नानांनी आपली बॅग ताईला द्यायचं ठरवलं. पण तिचा पट्टा तुटलेला, तो शिवायला टाकला होता, आणि मिळणार होता नेमका सोमवारीच सकाळी. ताई पहाटे मामाच्या जीपने वर गेली, समाजमंदिराच्या ओट्यावर टेबल-खुर्ची मांडायला. बॅग घेऊन मागून येणार कोण? मी.

"हे बघ मने," नाना म्हणाले, "यात बीपीचं मशीन, नळी, साखर तपासायचं यंत्र, औषधं, सगळं भरलंय. बाजूच्या कप्प्यात लिमलेटच्या गोळ्या आहेत, पोरं रडली की द्यायच्या. बॅग हातातून सोडायची नाही."

"नाही सोडत, नाना."

"काय वाटेल ते झालं तरी."

"अहो नाना, मी काय लहान आहे का?"

(हे वाक्य आमच्या घरात आता म्हणीसारखं वापरतात. दूध उतू गेलं तरी पप्पा म्हणतात, "अहो नाना, मी काय लहान आहे का?")

आता महाडचा स्टँड. सोमवार, त्यात लग्नसराई. माणसांपेक्षा आहेराचे डबे जास्त. आणि आमच्याकडे एसटीत जागा धरायची एक रीत आहे, ती बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. दारातून माणसांनी चढायचं असतं. त्याआधी खिडकीतून वस्तूंनी चढायचं असतं! रुमाल, टोपी, छत्री, मेथीची जुडी. एकदा मी स्वतः एका बाळाला खिडकीतून आत जाताना पाहिलंय आणि बाळाच्या चेहऱ्यावरून त्याला सवय असावी असं वाटत होतं. एकदा वस्तू सीटवर पडली की ती सीट तिची. माणूस दिलेला शब्द मोडेल, भावाच्या बांधात नांगर घालेल, पण दुसऱ्याचा रुमाल उचलून बसणार नाही. हा आमच्याकडचा कायदा आहे, आणि मी कायदा पाळणारी मुलगी आहे.

पोलादपूरकडे जाणारी गाडी लागली. तिच्या शेजारीच दुसरी एक गाडी उभी. दोन्ही गाड्यांच्या मधल्या बोळात मी, आणि तेवढ्यात फोन. आई.

"बॅग हातात हाय ना?"

"आहे गं."

"कुठल्या हातात?"

"आई, उजव्या!"

"मग फोन कुठल्या हातात हाय?"

मला सांगा, अशा वेळी माणसाने बस बघायची की आईला उत्तरं द्यायची? तेवढ्यात एका वऱ्हाडाचा लोंढा आला. माझी एक गिरकी झाली. मग दुसरी झाली. मी आईला "डाव्या! डाव्या!" असं ओरडत समोर दिसलेल्या खिडकीतून बॅग आत सरकवली, खिडकीजवळच्या सीटवर छान टेकवली, आणि विजयी मुद्रेने दाराकडे धावले.

अडचण एवढीच झाली की गिरक्या दोन नव्हत्या, दीड होत्या.

मी पोलादपूरच्या गाडीत चढले. खिडकीजवळच्या सीटवर एक काका, पाय पसरून, शेंगा खात.

"काका, उठा. इथे माझी बॅग होती."

"इथं? इथं तर मी होतो."

"तुम्ही बॅग उचललीत!"

"मी?" काकांनी सगळ्या गाडीला साक्षीला घेतलं. "ओ, कुणी बघितली का बॅग? मी सकाळपास्नं पैला चढलोय!"

मी चिडले. मी म्हणजे इतकी चिडले की सांगायची सोय नाही! डॉक्टरांची बॅग आहे, माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे, तुम्हाला लाज कशी वाटत नाही, रुमाल सोडून लोक आता बॅगा पळवायला लागले... असं मी भाषण ठोकलं. पूर्ण तीन मिनिटं. काकांच्या हातातली शेंग तशीच. आणि भाषणाच्या अगदी शेवटच्या वाक्याला काकांच्या डोक्यामागच्या खिडकीतून मला शेजारची गाडी सुटताना दिसली. तिच्या खिडकीत, काचेला रेलून, बाहेरची शोभा बघत बसली होती आमची बॅग.

"थांबवा!"

मी खाली उडी मारली. (काकांची माफी मागितली नाही. काका, हे वाचत असाल तर सॉरी. शेंगा सांडल्या त्याबद्दल पण.) धावले. गेटपर्यंत धावले. एक रिक्षावाला निवांतपणे म्हणाला, "काय झमेला हाय! सामानाला शीट भेटली, पोरगी ऱ्हायली!"

चौकशीच्या खिडकीत विचारलं. गाडी तुडीलची. सवच्या बाजूने. पुढची तिकडची गाडी दीड तासाने. म्हणजे पोलादपूर एकीकडे आणि बॅग नेमकी त्याच्या उलट्या दिशेला! बॅगेने ठरवून जरी केलं असतं तरी याहून चुकीची गाडी तिला सापडली नसती.

मी मिनीडोर पकडला, म्हणजे आमच्याकडची सहा सीटची टमटम. तर मिनीडोरवाला म्हणतो, अजून दोन शिटा भरू देत. मी म्हटलं, अहो इमर्जन्सी आहे, डॉक्टरांची बॅग गेलीये. तो म्हणाला, "मग डॉक्टरला पण बोलव, एक शीट भरंल." शेवटी कोंबड्यांची एक पाटी आली, ती एक सीट धरली आणि निघालो.

सवच्या फाट्याला मिनीडोर थांबला. तिथे गरम पाण्याच्या कुंडावर गुडघे शेकायला लोक येतात. एक आजी काठी टेकत रस्त्याच्या कडेला उभ्या, तोंड रागाने लाल.

"आजी, तुडीलची गाडी गेली का हो?"

"गेली. मी तिच्यातनंच उतरले."

"तिच्यात एक बॅग..."

आजींनी माझ्याकडे असं बघितलं की मिनीडोरमधल्या कोंबड्या गप्प झाल्या.

"तुझी ती?"

"हो."

"महाडापास्नं उभी आले गो मी! ह्या असल्या गुडघ्यांनी! मोकळी शीट समोर, नि तिच्यात ती तुझी बया बसलेली. कंडक्टर बोलला, डॉक्टरांची जागा हाय, डॉक्टर येतील. मी पण बोलले, डॉक्टर हाय, बसंल, गुडघा दाखवीन. कुठं हाय डॉक्टर?"

"डॉक्टर पोलादपूरला आहे."

"नि बॅग?"

"बॅग पुढे गेली."

आजींनी काठी दोनदा रस्त्यावर आपटली. मग मिनीडोरवाल्याला म्हणाल्या, "ने रे हिला. लांब ने."

तुडीलला उतरले तेव्हा दहा वाजून गेले होते. गाडी परत फिरून गेली होती. आणि समोर जे दिसलं ते मी आयुष्यात विसरणार नाही. एका दुकानाच्या ओट्यावर सावलीत प्लॅस्टिकची खुर्ची. खुर्चीवर आमची बॅग. बॅगेपुढे स्टुलावर झाकण ठेवलेला पाण्याचा तांब्या! आणि खुर्चीपासून थेट रस्त्यापर्यंत चपलांची रांग. हो, चपलांची. एकामागे एक, जोडीजोडीने. मध्येच एक छत्री, एक एक्सरेचा लिफाफा आणि एक नारळ. चपलांचे मालक पलीकडे आंब्याखाली निवांत गप्पा मारत बसलेले. म्हणजे एसटीत बॅगेने डॉक्टरची जागा धरली होती आणि इथे चपलांनी पेशंटची!

मी धावत ओट्यावर चढले आणि बॅगेला मिठी मारली.

"ए! ए पोरी!" आंब्याखालून आवाज आला. एक काकी पदर खोचत उठल्या. (त्यांचं नाव शेवंताकाकी. हे मला नंतर कळलं. त्या क्षणी त्या मला फौजदार वाटल्या.) "लाईन दिसत नाय? आम्ही काय येडे बसलोय? माघारी जा, चप्पल ठेव तिथं नारळाच्या मागं!"

"अहो काकी, ही माझी बॅग आहे!"

आंब्याखालची सगळी माणसं उठली आणि आपापल्या चपलेत येऊन उभी राहिली. अख्खी रांग जिवंत झाली!

"तू डॉक्टर?" काकींनी मला वरून खाली बघितलं. "एवढीशी?"

"नाही नाही. माझी बहीण डॉक्टर आहे."

"मग बहीण कुठं हाय?"

"पोलादपूरला. डोंगरावर."

"नि बॅग हितं?"

"हो."

"का?"

मी बॅगेकडे बघितलं, तीच काहीतरी सांगेल म्हणून.

काकी म्हणाल्या, "हे बघ. कंडक्टर बॅग देऊन सांगून गेलाय, डॉक्टर मागून गाडी करून येतायत. आम्ही कामधंदा टाकून बसलोय. तो म्हातारा शेत सोडून आलाय. ती सून आठव्या महिन्यात हाय, तिला मी घरातनं उचलून आणलंय. आता तू म्हनतेस बॅग चुकून आली?"

"चुकूनच आली हो!"

"बॅग चुकून येतेय होय? बॅगेला पाय असतात? डॉक्टर आण नि बॅग ने!"

आणि काकी खुर्चीशेजारी फतकल मारून बसल्या. एक हात बॅगेवर. झालं! बॅग ओलीस!

ताईला फोन लावला. लागेना. मामाच्या वाडीत रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते, तीसुद्धा एका विशिष्ट दगडावर उभं राहिलं तर. अकरा वाजता ताईचाच फोन आला. म्हणजे ती दगडावर होती. म्हणजे ओट्यावर नव्हती. म्हणजे...

"मने, बॅग कुठाय?"

(कशी आहेस नाही. पोचलीस का नाही. बॅग कुठाय!)

"ताई, तू आधी शांत हो. तिकडे लोक आलेत ना?"

"आले होते. मी बसले होते, गळ्यात माझा स्टेथोस्कोप. मामाने सगळ्यांना सांगितलं हीच डॉक्टर. त्यांनी टेबलावर बघितलं, टेबलाखाली बघितलं. म्हणाले बॅग कुठं हाय? मामा म्हणाला येतेय. अर्धा तास बसले, मग म्हणाले बॅग आली की आवाज द्या. आणि गेले. एक आजी तेवढ्या थांबल्या. मला चहा दिला आणि म्हणाल्या, दमलीस गो पोरी, जा आता घरी."

मला रडूच आलं. इकडे डॉक्टर नाही आणि चपला रस्त्यापर्यंत. तिकडे डॉक्टर आहे आणि एक चप्पल नाही! मी सगळं सांगितलं. गिरक्या, काका, शेंगा, आजी, खुर्ची, तांब्या, काकी.

ताई काहीच बोलेना. ताई चिडली की बोलते. ताई गप्प झाली की पुण्याची गाडी ठरते.

"ताई? तू... पुण्याला नाही ना जाणार?"

"किती जण आहेत तिथे?"

मी चपलांचे जोड मोजले. "एकतीस. आणि एक नारळ."

"मी येते. मामाच्या बाईकवरून येते. कुणाला काही द्यायचं नाही, कुणाला हात लावायचा नाही, समजलं? फक्त बॅग सांभाळ."

"अगं मी काय लहान..." म्हणता म्हणता मी जीभ चावली.

आता खरं सांगते, मी कुणाला काही देणारच नव्हते. पण ते डोंगरावरून तुडीलपर्यंतचं अंतर! ऊन चढलं. एक लहान पोरगं जे रडायला लागलं ते थांबेचना. नाना म्हणाले होते ना, पोरं रडली की द्यायच्या? मी काकींची परवानगी काढून बाजूचा कप्पा उघडला आणि पोराला एक लिमलेटची गोळी दिली. पोरगं गप्प. एका क्षणात! नळ बंद केल्यासारखं.

रांगेत कुजबुज झाली.

"गुण आला बघ लगेच."

"कसली गोळी गो ती? केशरी दिसतेय."

"मला पण दे. माझं सकाळपास्नं डोकं ठणकतंय."

"अहो काकू, ही साधी लिमलेट आहे!"

"इंग्रजी नाव नको सांगू, गोळी दे."

मी नाही म्हटलं. दोनदा म्हटलं. पण काकूंनी कप्प्यातून स्वतःच घेतली, तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "उतरलं." बास! मग मला कोण आवरू देतंय? कंबर, खोकला, पित्त, झोप न येणं, जावयाचा फोन न येणं, सगळ्याला केशरी गोळी. मी ओरडतेय, "अहो हे गोड आहे, औषध नाही!" आणि लोक एकमेकांना सांगतायत, "हिची बहीण हिच्याहून हुशार हाय म्हणे!"

आणि मग शेत सोडून आलेले ते काका, गालात गोळी घोळवत म्हणाले, "बरी हाय चवीला. मला साखर हाय ना, घरात गोड कुणी देत नाय."

मी किंचाळले, "काका, थुंका!"

"आँ?"

"थुंका ती गोळी! आत्ता! माझ्या हातावर थुंका!"

"चांगली हाय की."

"काकी, यांना सांगा ना!"

शेवंताकाकी उठल्या, काकांच्या पाठीत एक सणसणीत धपाटा बसला आणि गोळी उडून थेट एक्सरेच्या लिफाफ्यावर पडली. त्याच क्षणी मामाची बाईक येऊन थांबली, मामा पुढे, ताई मागे. धुळीने ताईचे केस पांढरे, गळ्यात स्टेथोस्कोप तसाच. तिच्या समोर दृश्य काय? मी काकांपुढे ओंजळ पसरून उभी, काकींचा हात वर, आणि तीस माणसं केशरी जिभांनी तिच्याकडे बघतायत.

"मने," ताई म्हणाली, "काय दिलंस तू यांना?"

"लिमलेट," मी म्हटलं. आणि रडले. भर रस्त्यात, तुडीलला, चपलांच्या रांगेत.

ताईने मला बाजूला केलं, खुर्चीवरची बॅग मांडीवर घेतली, खटका उघडला. खट्! तो आवाज आला आणि सगळी रांग सरळ झाली. सगळ्यात आधी तिने त्या शेतवाल्या काकांची साखर तपासली. मग त्या आठव्या महिन्याच्या सुनेचं बीपी बघितलं. एकदा बघितलं, थांबून दुसऱ्यांदा बघितलं, आणि चेहरा न बदलता मामाला म्हणाली, "गाडी बघ एखादी, हिला आज, आत्ता महाडला न्यायचंय." काकी सोबत गेल्या. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेल्या. (पुढे त्या घरात मुलगी झाली. दोघी धडधाकट आहेत.) बाकीची रांग संपायला चार वाजले. नारळ कुणाचा ते शेवटपर्यंत कळलं नाही, तो ताईलाच मिळाला.

संध्याकाळी घरी बसून ताईने ते पुण्याचं पत्र घडी घालून नानांच्या बॅगेत, अगदी तळाशी ठेवून दिलं. अजून तिथेच आहे. आणि मामाने वाडीत जाऊन सांगितलं की खाली तुडीलला चपला रस्त्यापर्यंत होत्या. मग काय! आमच्या डॉक्टरकडे तुडीलवाल्यांची रांग? पुढच्या सोमवारी वाडीतलं माणूस न् माणूस ओट्यावर हजर. आता ताईचा सोमवार वाडीत, गुरुवार तुडीलला आणि बाकीचे दिवस महाडच्या दवाखान्यात.

म्हणजे न्यायाने बघा. बॅग चुकीच्या गाडीत कुणी टाकली? मी. त्यामुळे तुडीलचे पेशंट कुणामुळे मिळाले? माझ्यामुळे! ताई घरी राहिली कुणामुळे? माझ्यामुळे! मग नाना डॉक्टर सगळ्या गल्लीत काय सांगत फिरतात? "आमच्या बॅगेचा पायगुण!" अहो, बॅगेला पाय असतात का? हे शेवंताकाकींना कळतं, तुम्हाला कळत नाही? पळाले मी, ओरडले मी, रडले मी, आणि पायगुण बॅगेचा!

दोन वर्षं. दोन वर्षं मला कुणी त्या बॅगेला हात लावू दिला नाही. सणाला सगळे जमले की मामा दीड गिरकी घेऊन दाखवतो. पण आज सकाळी मामाची जीप गॅरेजला होती, ताईला एसटीने यायचं होतं, तिच्या हातात औषधांचे दोन खोके. पर्यायच नव्हता. ताईने माझ्याकडे खूप वेळ बघितलं आणि बॅग माझ्या हातात दिली.

मी सिद्ध करून दाखवलं! पाटी तीनदा वाचली. कंडक्टरला विचारलं, ड्रायव्हरला विचारलं, एका शाळेतल्या मुलीलाही विचारलं. खिडकीतून काहीही टाकलं नाही. पट्टा मनगटाला गुंडाळला, दारातून चढले, खिडकीजवळची जागा पकडली आणि शेजारच्या सीटवर ताईसाठी रुमाल ठेवला. ताईला दाराशीच कुणातरी पेशंटने गाठलं होतं, ते तिला नेहमीच गाठतात. गाडी गच्च भरली. कंडक्टरने माझ्याकडे बघून विचारलं, "तुमची सगळी आली का?"

मी मांडीवरच्या बॅगेकडे बघितलं आणि म्हटलं, "आली!"

टिंग टिंग.

रस्ताभर लोक विचारत होते, इथं कुणी हाय का? मी सांगत होते, डॉक्टर आहेत, पुढे उभ्या आहेत, पेशंटशी बोलतायत. कुणी बसलं नाही. सांगितलं ना, कायदा! पोलादपूरला गाडी रिकामी झाली. सगळे उतरले. सीटवर उरला रुमाल.

आत्ताच ताईचा फोन येऊन गेला. महाडच्या स्टँडवर दोन खोके घेऊन उभी आहे, पुढची गाडी पाऊण तासाने. पहिला प्रश्न काय विचारला असेल? "बॅग नीट आहे ना?" अगं नीट आहे! बॅग एकदम नीट आहे! या वेळी मी डॉक्टर विसरलेय!

तुमच्या घरात असं कधी कुणाकडून झालंय का हो? झालं असेल तर आत्ताच्या आत्ता लिहून कळवा, कितीही छोटं असेल तरी चालेल. आणि नसेल झालं तर खोटं लिहा, पण गाडी यायच्या आत लिहा. तिच्यातून ताईबरोबर आईसुद्धा येतेय.